चाळीस टक्के देवी

रुख्मिणी मेली तेव्हा पहिला फोन फ्लेक्सवाल्याला गेला आणि दुसरा पोरीला. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे माणसाला जाळायला उशीर झालेला चालतो. फ्लेक्स लागायला उशीर झाला की खानदानाची अब्रू जाते.

पोरगी म्हणजे निता. तिचं सासर रिसोडच्या पलीकडे. एसटी बदलत बदलत ती मेडशीला पोचली तेव्हा चिता अर्धी खाली बसली होती. मायचं तोंड तिला पाहायला मिळालं नाही.

"थोडं थांबता नाई आलं काय रे?" तिनं भावाला विचारलं.

"पानी यीन असं वाटत होतं," धनराज म्हणाला.

आभाळ चकचकीत होतं. खरी गोष्ट अशी की पक्षाचे एक साहेब मौतीला आले होते आणि त्यांना पुढे मालेगावात एका दुकानाची फीत कापायची होती. साहेब थांबले असते तर माय थांबली असती.

मग नितानं एवढंच ठरवलं, की मायचा एक फोटो घ्यायचा, सासरी न्यायचा, आणि जे तोंड शेवटचं पाहता आलं नाही ते तिथं निवांत पाहायचं. फार मोठी मागणी नव्हती. पण मागणी लहान असली की आपल्याकडे ती जास्त लटकते.

फोटो म्हणून होता तो फाट्यावर. दोन बांबूंमध्ये ताणलेला फ्लेक्स. वरच्या अंगाला गोल चकत्यांमध्ये साहेबांची आणि साहेबांच्या साहेबांची डोकी, साऱ्यांचे दात दिसतात. खालच्या कोपऱ्यात गॉगल लावलेला धनराज, एक हात छातीवर, दुसऱ्या हातातला मोबाईल कानाला. आणि मधात एक बाई. गोरीपान, गुलाबी ओठांची, मोकळ्या केसांची. डोक्यामागं किरणं, किरणांमागं हिमालय, पुढं कमळ आणि कमळाशेजारी दोन राजहंस. रुख्मिणीनं उभ्या जन्मात हंस पाहिला नव्हता. तिचा आणि पाखरांचा संबंध ज्वारीवरचे पोपट हाकलण्यापुरता.

निता त्या फ्लेक्सखाली उभी राहिली. वरून खाली पाहिलं, परत वर पाहिलं.

"दादा, माय कुठी हाय?"

"हे काय, मधात."

"ते कोन बाई हाय?"

"मायच हाय ना वं. डोयात पानी हाय तुह्या, म्हनून दिसून नाई राह्यली."

"हे जर माय हाय, त मंग मी कोनाची?"

तेवढ्यात अकोल्याकडून पोहरादेवीला जाणारी जादा गाडी फाट्यावर थांबली. यात्रेचे दिवस. खिडकीतल्या बायांनी फ्लेक्स पाहिला आणि हात जोडले. एकीनं रुपया फेकला, तो धनराजच्या पायाशी पडला. दुसरीनं विचारलं, "कोनची देवी होय, भाऊ?"

धनराजनं रुपया उचलला आणि पापणी न हलवता सांगितलं, "रुख्मिणीमाता."

संध्याकाळपर्यंत बांबूच्या बुडाशी नारळाच्या शेंड्यांचा ढीग झाला. पानटपरीवाल्यानं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणं बाजूला ठेवून नारळ विकायला मांडले.

निताला देवीशी भांडण नव्हतं. तिला गोंदण पाहिजे होतं. रुख्मिणीच्या कपाळावर, हनुवटीवर हिरवं गोंदण होतं, आणि फ्लेक्सवरची बाई धुतलेल्या ताटासारखी कोरी होती. आमच्या भागात म्हाताऱ्या सांगतात की बाई मेली की अंगावरचं सोनं घरचे उतरवून घेतात, लुगडं जळून जातं, गोंदण तेवढं संगं जातं. वर विचारतात म्हणे, एवढं जगलीस, काय आणलंस? तेव्हा बाई हनुवटी पुढं करते. आता इथं पोरानंच पैसे मोजून मायची हनुवटी पुसून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी ती धनराजला मोटारसायकलवर बसवून, म्हणजे त्याच्यामागं बसून पण त्याच्या कॉलरला धरून, मालेगावला राजपालच्या दुकानात गेली.

राजपालचं दुकान म्हणजे तालुक्यातल्या मेलेल्यांची बैठक. भिंतीवर सारे ओळीनं, आणि सारे एकाच निळ्या कोटात. हयातभर बंडीत फिरलेला असो नाहीतर उघडा, मेला की राजपाल त्याला तो कोट चढवतो. कोट तोच, टाय तोच, खिशातला पेन तोच. मुंडकं तेवढं बदलतं. एका आजोबांचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता आणि त्या हाताला पोराच्या वयाचा मऊपणा होता. घरच्यांनी तो फोटो रडत रडत नेला होता आणि एक जास्तीची कॉपी भिंतीला राहिली होती.

राजपाल वाईट माणूस नाही. तो लोकांना पाहिजे ते देतो. वाईटपणाला तेवढं पुरतं.

"ताई, त्याले ब्लेंडिंग म्हनतात," त्यानं समजावलं. "खाली पेंटिंग, वरतं फोटो. मंग दोन्ही एकमेकात जिरवाचे. वरन-भात कालवल्यावानी. तुमच्या भावानं सांगतलं, मायले देवी कर. मी देवीचं एक जुनं कॅलेंडर घेतलं, हातानं रंगवलेलं, लय भारी. चाळीस टक्के देवी, साठ टक्के माय."

"कोनचे साठ?"

"म्हनजे?"

"माय कुठून कुठपर्यंत हाय? बोट ठेवून दाखव."

राजपालनं माऊस हलवला. पडद्यावरचा बाण नाकाभोवती फिरला, गालावर गेला, माघारी आला.

"तसं नसते ताई. ते साऱ्याच अंगात थोडी थोडी हाय."

"मीठ हाय काय ते?"

धनराज बाकावर बसून साहेबांचा स्टेटस पाहत होता. तो म्हणाला, "निते, शिकलेल्या मानसाशी नीट बोल."

"गोंदन कुठी गेलं?" नितानं विचारलं.

"कोनतं गोंदन?"

"कपायावरचं. हनुवटीवरचं."

राजपालच्या तोंडात खर्रा होता. तो एका गालातून दुसऱ्या गालात गेला. "ते गोंदन होतं काय? मले वाटलं डाग होये. साफ केले."

"डाग?"

"ताई, लोकं तोंड साफ कराचेच पैसे देतात. आजपर्यंत डाग वापस मांगाले कोनी नाई आलं."

निता म्हणाली, मग मूळचा फोटो दे. मूळचा फोटो राहिला नव्हता. एका लग्नातल्या गर्दीतून धनराजनं मायचं मुंडकं कापून पाठवलं होतं. राजपालनं त्याच्यावरच काम केलं आणि त्याच्यावरच सेव्ह केलं. धनराजनं आपल्या मोबाईलमधून तो उडवला, कारण मोबाईल शुभ सकाळच्या गुलाबांनी भरला होता. लग्नवाल्यांकडच्या अल्बमात फोटोग्राफरनं आधीच सारे चेहरे दुधात बुडवले होते. उरलं आधार कार्ड. त्याच्यावर माय कोळशाच्या पोत्यामागून डोकावावी तशी होती. त्या कार्डावर आपण सारेच तसे असतो, म्हणून तर आपल्याला कोणी ओळखत नाही आणि साऱ्यांची ओळख पटते.

"काई फिकर नाई," राजपाल म्हणाला. "गोंदन काढून देतो. सांगा, कुठी काय होतं."

"हनुवटीवर तीन ठिपके. भिवयांच्या मधात कोर, अन् कोरीखाली एक ठिपका."

त्यानं काढले. देवीच्या तोंडावर माश्या बसल्यासारखं दिसलं.

"तीन नाई, पाच होते," धनराज बाकावरून म्हणाला.

"तू कधी पायले होते?"

"तू त सासरी असते. मी रोज पायतो तिले."

"मंग सांग, कोर उजवीकडं वयलेली होती का डावीकडं?"

धनराजनं परत स्टेटस उघडला. राजपाल म्हणाला, घरच्या कर्त्या माणसाला विचारा. फोन लावला. पलीकडं देवमन, रुख्मिणीचा नवरा.

"बाबा, मायच्या हनुवटीवर ठिपके किती होते?"

फोनमधून गोठ्यातल्या घंटेचा आवाज येत होता.

"असतीन दोन-चार," देवमन म्हणाला. "काहून?"

"दोन का चार?"

"आता ते मोजाले थोडी बसलो होतो मी. लवकर या, इथी भाकरीचं पाय कोनीतरी."

याच माणसाला रात्री उठवून विचारा, की तुमच्या बैलाच्या पाठीवर भोवरा कुठं आहे. तो डोळे न उघडता बोट ठेवून दाखवील. उभा संसार एका चुलीपाशी गेला, आणि त्या चुलीपाशी बसलेल्या बाईच्या तोंडावर काय लिहिलं होतं ते त्याला माहीत नाही. भाकरी गोल होती हे त्याला पक्कं माहीत आहे.

मग निताला मावशी आठवली. नानीबाई, रुख्मिणीची धाकटी बहीण, मेडशीतच दिलेली. तिच्या तोंडावर गोंदण होतं. निता तिला एसटीत घालून मालेगावला घेऊन आली.

"आमी दोघीनं एकाच जत्रेत गोंदलं," नानीबाई खुर्चीवर टेकत म्हणाली. "एकाच बाईपाशी. तिचं तेच माहं. त्या बाईले दुसरं येतच नव्हतं."

राजपालच्या जिवात जीव आला. त्यानं नानीबाईचा फोटो काढला, कपाळ घेतलं, हनुवटी घेतली, आणि फ्लेक्सवरच्या बाईत जिरवायला बसला. आता गोंदण काही टिकलीसारखं सोलून निघत नाही. त्याच्यासोबत कातडी येते, कातडीसोबत सुरकुत्या येतात, सुरकुत्यांसोबत ओठ येतात. रंग मिळवता मिळवता राजपालला चढत गेलं. शेवटी त्यानं खुर्ची मागं सारली. काम खरंच सुरेख होतं. रेघ दिसत नव्हती.

नानीबाईनं पडद्याजवळ तोंड नेलं.

"हे त मी हाय," ती म्हणाली.

"थोड्याशा हाय," राजपाल म्हणाला. "तीसेक टक्के."

"अन् माय?" नितानं विचारलं.

"हाय ना ताई. उरलेली."

नवा फ्लेक्स लागला. धनराजला तो जास्तच आवडला, कारण गोंदणामुळे देवी जुनी वाटायला लागली होती. पुरातन, हा शब्द त्यानं वापरला. त्याच दिवशी नानीबाई फाट्यावर मीठ आणायला गेली. पोहरादेवीची गाडी उभी होती. बायांनी फ्लेक्सकडं पाहिलं, नानीबाईकडं पाहिलं, परत फ्लेक्सकडं पाहिलं, आणि दोघी-तिघी खाली उतरून तिच्या पायांना चिकटल्या.

नानीबाई आधी पळाली. पण पळून जाणार कुठं, मीठ घ्यायचंच होतं. ती टपरीच्या बाकावर बसली. एकीनं ओटीत नारळ घातला. दुसरी म्हणाली, पोरीचं लग्न जमत नाही. नानीबाई म्हणाली, "जमन." तिसरी म्हणाली, नवरा पितो. नानीबाई म्हणाली, "मरन." दोन्ही उत्तरं बरोबरच होती, त्याला देवी लागत नाही. दुपार टळता टळता ती ओटीभर नारळ घेऊन घरी आली, आणि मीठ विसरली.

तेरवी तोंडावर आली तेव्हा महाराज फोटो पाहायला आले. फ्लेक्सचीच एक लहान प्रत काचेत बसवून ओसरीवर ठेवली होती. महाराजांनी चष्मा पुसला.

"हे बाई त मी येताना नळावर पायली."

"ते मावशी," धनराज म्हणाला. "तिचं थोडंसं घेतलं हाय ह्यात."

"म्हनजे फोटोत जितं मानूस हाय. मी तेरवी कोनाची करू?"

"मायची करा ना."

"अन् मंत्र लागला हिले, त मले इचारू नका."

"किती टक्के जितं चालते, महाराज?"

"शास्त्रात टक्के नाईत."

"अन् वरतं देवी हाय," एक म्हातारा कोपऱ्यातून म्हणाला. "देवीपुढं सुतकाचा सैपाक कसा ठेवान? तिले त पुरन लागन."

मग चांगलीच चर्चा झाली. कोणी म्हणालं, पिंड साठ टक्केच ठेवा. कोणी म्हणालं, फोटोच्या वरच्या बाजूला हळदकुंकू आणि खालच्या बाजूला राख. शिकलेली, कमावती, ट्रॅक्टरवाली माणसं ही चर्चा करत होती आणि एकालाही हसू आलं नाही. नानीबाई दारात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "माही बी संगंच करून टाका बापा. मी मेल्यावर माहे पोट्टे काई करत नसतात. जेवन तरी होईन."

त्यात साहेबांचा निरोप आला. फाट्यावर गर्दी जमते हे त्यांच्या कानावर गेलं होतं. फ्लेक्स तेरवीनंतरही राहू द्या, मोठा करा, आणि देवी जरा वाढवा. धनराजनं लगेच राजपालला फोन लावला. "देवी साठ कर. मावशी राहू दे, पब्लिक मावशीले मानून राह्यली."

निता तिथंच कणीक मळत होती. तिला हिशेब करायला कागद लागला नाही. साठ देवी, तीस मावशी, वर साहेबांची डोकी. तिनं हात धुतला आणि फाट्यावर जाऊन मिळेल ती गाडी पकडली.

राजपाल शटर ओढायच्या बेतात होता. ती आत जाऊन त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली.

"उघड ते."

"ताई, भाऊचा फोन आला होता, देवी वाढवाची हाय."

"वाढवू नको. एक एक काढ. जे जे तू टाकलं ते सारं काढ."

राजपालनं फाईल उघडली. पडद्याच्या कडेला थर एकाखाली एक रचलेले, प्रत्येकापुढं डोळ्याचं चिमुकलं चित्र. त्या डोळ्यावर टिचकी मारली की तो थर निघून जातो. त्यानं साहेब काढले. मालेगाव तालुक्यात साहेबांना इतक्या सहज काढलेलं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. मग धनराज गेला. हिमालय गेला, हंस उडाले, किरणं विझली. देवी गेली, आणि तिच्यासोबत गुलाबी गाल गेले.

"आता मावशी," निता म्हणाली.

कपाळ गेलं. हनुवटी गेली, ओठ गेले.

"केस रेडिमेड होते," राजपाल आपणहून म्हणाला आणि केस काढले. "मान बी. हारासंगं येते ते." मानही गेली.

पडदा पांढरा झाला. मधात हाताच्या पंजाएवढा एक तुकडा उरला. एक डोळा, त्याच्याखालचा थोडासा गाल, आणि पदराचा काठ.

"दुसरा डोया?"

"तो मिटला होता फोटोत. ह्यालेच पलटवून तिकडं लावला होता मी." तो खालच्या आवाजात बोलत होता. "ताई, डागासंगं कपाय-हनुवटी कापली, एवढीच घेतली होती मी. बाकी फोटो लय हलला होता."

निता पुढं वाकली. डोळ्याच्या बाहेरच्या टोकाला, पदराच्या काठापाशी, एक हिरवा ठिपका होता. मोहरीच्या दाण्याएवढा.

"हा राह्यलाच," राजपाल म्हणाला. "पापनी वाटली मले." आणि सवयीनं त्याचा हात माऊसकडं गेला.

नितानं त्याचं मनगट धरलं. सोडलं नाही.

हा ठिपका कोणी सांगितला नव्हता. धनराजनं नाही, देवमननं नाही. साऱ्या गावाला हनुवटी मोजायला लावणाऱ्या नितानंही नाही. मायच्या मांडीवर झोपताना वर पाहिलं की पहिला तोच दिसत असेल, आणि तोच तिच्या डोक्यातून गेला होता. ज्याच्यावर तिला ओरडता येईल असं दुकानात आता कोणी उरलं नव्हतं.

"हे छाप," ती म्हणाली.

"निस्ता डोया? लोकं काय म्हनतीन ताई. बाकी जागी काई भरतो ना. फुलं तरी भरतो."

"काई भरू नको."

त्यानं छापलं. काच लावली. पैशाचं त्यानं काढलं नाही, तिनंही काढलं नाही.

तेरवीच्या सकाळी ओसरीवर ती फ्रेम ठेवली. पांढऱ्या कागदाच्या मधात एक डोळा. आलेली माणसं फुलं घेऊन यायची, वाकायची आणि वाकलेलीच राहायची.

"हे काय होय वं?"

"माय हाय. एवढीच उरली."

धनराज दात खाऊन म्हणाला, "इज्जत काढली तू घरान्याची. साहेब येनार हायेत."

"तुह्या साहेबाले फाट्यावर ने. तठी त्याची देवी हाय."

नानीबाई पुढं आली. तिनं काचेला नाक लावलं आणि बोट त्या ठिपक्यावर टेकवलं. "हा शेवटचा होय. सुई डोयापाशी आली त मी पयाली. रुख्मी बसली. ते बाई म्हने, पोरी, हललीस त डोया जाईन. नाई हलली." मग आपल्या डोळ्याचा कोपरा चाचपून म्हणाली, "मले नाई तो."

महाराजांनी फ्रेम उचलून उजेडात धरली.

"ह्यात जितं कोनी हाय?"

"नाई," निता म्हणाली.

"देवी?"

"नाई."

"मंग बसा."

देवमनला पाटावर बसवलं. शेतातून तसाच आला होता, रोज जेवायला यायचा तसा, नखांत माती, तोंडात खर्रा. समोर फ्रेम. त्यानं आधी इकडंतिकडं पाहिलं, मग दर्भ हातात घेतला, मग समोर पाहिलं. पाहतच राहिला. महाराज म्हणाले, पाणी सोडा. त्यानं सोडलं नाही. पाटावर बसल्या बसल्या तो या अंगावरून त्या अंगावर कलला. हात मांडीखाली लपवले. परत वर पाहिलं तर ती पाहतच होती.

"धुतो ना वं," तो फ्रेमकडं पाहून चिडून म्हणाला. "धुतो. काहून पायते तशी?"

आणि मंत्र अर्धा सोडून, दर्भ पाटावर ठेवून, तो चूळ भरायला आणि हात धुवायला अंगणातल्या टाकीकडं निघून गेला.